बिनआवाजाची गाडी

आमच्या गाडीवर कुत्री भुंकत नाहीत.

गावात कुठलंही वाहन शिरलं की पाराखाली पसरलेली कुत्री आधी कान टवकारतात, मग धावून जातात, आणि वाहन वळणापलीकडे गेलं की जिंकल्यासारखी परत येऊन पडतात. आमची विजेची गाडी त्यांच्या शेपटीला लागेल इतक्या जवळून जाते, तरी ती डोळे उघडत नाहीत. गाडी घरात आली तेव्हा मला याचं बरं वाटायचं; एक कटकट कमी. पण पितरांचा पंधरवडा लागला, सकाळचे ढग डोंगरावरून उतरून गल्लीत आले आणि घराघरांच्या पत्र्यावर कावळ्यांसाठी वाढलेली पानं दिसायला लागली, की त्या झोपलेल्या कुत्र्यांजवळून जाताना माझा हात उगाच हॉर्नवर जातो. वाजवत मात्र नाही.

यंदाही पंधरवडा लागला आहे. पाटोद्याच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या यायला लागल्या आहेत. दळणाला येणाऱ्या बायका उभ्या उभ्या विचारतात, तुमच्याकडं कोणत्या तिथीला? मी सांगते आणि पट्टा चालू करते. मी गिरणी चालवते. दळण, डाळ आणि उन्हाळ्यात मिरचीचं कांडप. दिवसभर कानात तो खडखडाट असतो आणि त्याच्यात कसलेही विचार टिकत नाहीत. टिकतात ते गाडीत बसल्यावर. पेट्रोलच्या गाडीत निदान इंजिन तरी बोलत असतं. हिच्यात बटण दाबलं, समोर आकडे उजळले की झालं, गाडी चालू. चालू आणि बंद यातला फरक कानाला कळत नाही.

ही गाडी घेतली ती माझ्या थोरल्या जावेसाठी. कौसाबाई तिचं नाव. मी तिला बाई म्हणायची, ती मला धाकटे. दीर लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. जीभ मात्र भरल्या घराला पुरून उरेल अशी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि बीडला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. मशीनचे पैसे योजनेतून जात होते. आमचे जात होते ते येण्याजाण्याचे. एसटीनं जाता आलं असतं, पण मशीनवरून उठल्यावर तिला स्टँडवर उभं राहवत नसे. म्हणून आमची जुनी पेट्रोलची गाडी. डोंगर उतरायचा, चढायचा, बीडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचं. किलोमीटरला सात रुपयांच्या खाली ती गाडी कधी आली नाही. दोन खेपांतच आमची ओढाताण व्हायची आणि डॉक्टर म्हणत होते, तीन करा.

का ते त्यांनी नीट समजावलं होतं. लघवी होत नाही, तेव्हा प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. दोनदाच आलात तर प्रत्येक वेळी जास्त पाणी काढावं लागतं, तेही त्याच चार तासांत, म्हणजे घाईनं. घाईनं काढलं की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदय थकतं. तिसऱ्यांदा आलात तर तेच पाणी सावकाश निघेल. तिसरी खेप नसेल तर किती दिवस चालेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी गिरणी बंद करून मी हिशेबाला बसले. घरच्या विजेवर किलोमीटरला सव्वा ते दीड रुपया. बाहेरच्या चार्जरवर त्याच्या दुप्पट, तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. ऑइल बदलायचं नाही, क्लचप्लेट नाही. विकत घेताना विजेची गाडी महाग पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून वापरलेली बघायची. थोडक्यात, पेट्रोलच्या दोन खेपांत विजेच्या चार होत होत्या. आमच्या ह्यांचं म्हणणं एकच, बॅटरी गेली म्हणजे? मी म्हटलं, बॅटरीला कंपनीची हमी आहे, बाईला कुणाची नाही. जुनी गाडी गेली, ही आली आणि बाईची तिसरी खेप सुरू झाली.

जुन्या गाडीची एक गोष्ट मात्र मला विकल्यावर कळली. सकाळी ती सुरू झाली की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. ती गरम होईपर्यंत बायका दारातून धावत यायच्या. बीडला क्लासला ठेवलेल्या पोराचा डबा, पिको-फॉलची साडी, नंबर वाढलेला चष्मा. कुणी नुसतंच खिडकीत वाकून बाईला विचारायचं, आज कसं वाटतंय. मला याचा वैताग यायचा. नऊला मशीन लागायची, उशीर झाला की आमचा नंबर दुसऱ्याला जायचा.

नवी गाडी आली आणि हे सगळं थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. आम्ही निघालो हे कुणाला कळायचंच नाही. दार लावायचा एक आवाज, तोही मी हळू लावायची. गल्लीतून जाताना उघड्या दारांतून आतली माणसं दिसायची. भाकरी थापणारी, दात घासणारी, भांडणारी. कुणी मान वर करायचं नाही. परत यायला तीन वाजायचे, तेव्हा माणसं रानात. आठवडाच्या आठवडा आम्ही गावातून जात-येत होतो आणि गावाच्या लेखी जात-येत नव्हतो.

गाडी आली त्या सप्टेंबरात धुकं फार होतं. डोंगरावर पवनचक्क्या आहेत. इतर दिवसांत त्यांच्याकडे बघायचं कारण नसतं. त्या दिवसांत त्यांचा खांब अर्ध्यावर ढगात संपायचा. वरून एक पातं खाली यायचं, दिसायचं, पुन्हा वर ढगात जायचं, मग दुसरं. जुन्या गाडीत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आता काच खाली असली की प्रत्येक पात्याबरोबर एक लांब सुस्कारा ऐकू यायचा. बाई म्हणाली होती, "म्हशीवानी श्वास घेतेत मेल्या." नंतर थोड्या वेळानं, "ह्यांचीच वीज येती का गं आपल्या गाडीत?" मी म्हटलं, तारेत सगळी एकत्रच होते, कुणाची कुठे कोण सांगणार. ती म्हणाली, "मग असंल. तरीच गाडी मुकी हाय. सगळा आवाज हिथंच ठिवून येती."

आवाज एक होता, तो तिच्या हातात. डायलिसिससाठी डाव्या मनगटाजवळ शीर जोडलेली असते. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागते, मांजर अंगावर झोपल्यासारखी. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या थरथरीत ती वेगळी कळायची नाही. या गाडीत घाट उतरताना बाई तो हात कानाशी धरायची आणि म्हणायची, चालू हाय.

बीडला तिला मशीनवर सोडलं की मी गाडी घेऊन एका हॉटेलाबाहेरच्या चार्जरवर जायची. खरं तर घरी भरलेली गाडी जाऊन-येऊन पुरायची. पण पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. घरच्या साध्या प्लगवर गाडी भरायला रात्र जाते, आणि तीच रात्र अंधारात गेली की सकाळी निम्म्यावर निघावं लागतं. बीडच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत होतं. त्यापुढे तीच गाडी मुद्दाम सावकाश घ्यायला लागते. घाईनं भरलं की बॅटरीचं आयुष्य कमी होतं म्हणून गाडीनंच आपल्याला घातलेला तो लगाम. हे मी वाचलं तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि मला ते आवडलं नाही. गाडी ती गाडी, माणूस तो माणूस. पण आठवड्यातून तीनदा तेच बघितलं की डोकं आपोआप जोडायला लागतं. इकडे जाड केबल, तिकडे दोन नळ्या. इकडे पडद्यावर आकडा चढतो, तिकडे उतरतो. मी परत वॉर्डात गेले की ती विचारायची, "किती भरली?" आणि मी विचारायची, तुझं किती काढलं. नळीतून रक्त जाताना दिसतं. ते जाताना आणि येताना एकाच रंगाचं असतं, मधे काय झालं ते दिसत नाही. वॉर्डात दहा-बारा पलंग, पण बोलणं कुणाचंच नाही. नुसते पंप फिरत असायचे.

मुक्या गाडीचा आणखी एक गुण आम्हाला त्याच दिवसांत कळला. रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. जुन्या गाडीत आपण जवळ येईपर्यंत माणसं गप्प होतात, हात करतात, आपण गेल्यावर पुन्हा बोलतात. आता त्यांची मधली वाक्यं आमच्या काचेतून आत यायची. एकदा पाराजवळ दोघं तंबाखू मळत आमच्याकडे पाठ करून बसले होते. एक म्हणाला, "कौसाबाईचं आता काय खरं न्हाई. दिवाळी बघायची न्हाई ती." दुसरा म्हणाला, "नेणंच बंद केलं म्हणतेत. गाडीचा आवाज कुठं येतो आता." गाडी त्यांच्या बाजूनं, हातभर अंतरावरून, पुढे गेली. बाईनं काच खाली केलेली होती. ती एरवी असल्या बोलण्याला तिथल्या तिथं उत्तर दिल्याशिवाय राहिली नसती. ती नुसती बघत राहिली. घाट लागल्यावर म्हणाली, "धाकटे, त्यांनी वळून बघाया पायजे होतं." 

मग दिरांची तिथी आली. आमच्याकडे श्राद्धाचं पान पत्र्यावर नाही, मागच्या कठड्यावर ठेवतात. ते बाईनंच ठेवायचं. ती पान ठेवून, पाणी फिरवून मागे सरली. कावळा आला, पानाकडे बघितलंही नाही, सरळ तिच्या डोक्याला शिवून गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, मी बघितलं. नखं लागली नाहीत, नुसता पंखाचा फटका. पदर सरकला.

शेजारची गयाबाई भिंतीवरून बघत होती. आमच्या भागात कावळा डोक्याला शिवला की वाईट मानतात, मरणच शिवलं म्हणतात. त्यावर उपायही ठरलेला आहे. त्या माणसाच्या नातेवाइकांना तो गेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यांनी खरं समजून रडायचं. ते रडले की मरण येऊन गेलं असं होतं, आणि मग खरं कळवायचं. गयाबाई म्हणाली, आजच करा, आणि तेही दिराच्या तिथीला शिवला, म्हणजे त्यांनीच हात लावला, उशीर नको. मी म्हटलं, मला कावळ्यापेक्षा तिच्या रिपोर्टची भीती जास्त आहे. चकलांब्याला तिचा भाऊ आहे, बबन. त्याच्या काळजाला कशाला धक्का द्यायचा?

बाई ओट्यावर बसून पदर नीट करत होती. म्हणाली, "करू दे गं. ह्याला पेट्रोल लागत न्हाई का लाइट लागत न्हाई. बिनखर्चाचा इलाज हाय."

गयाबाईनं संध्याकाळी फोन लावला आणि अंगात आल्यासारखं सांगितलं. पलीकडे बबन रडायला लागला. गयाबाईचं समाधान झालं नाही. वर तिनं सांगितलं, आता निघू नका, सकाळी या, तोवर थांबतो. तासाभरानं खरं सांगायचं ठरलं होतं. पण तासाभरात लाइट गेली, पाठोपाठ टॉवरही गेला, आणि सकाळपर्यंत एकाही फोनला रेंज आली नाही. मी गाडीकडे बघितलं. निम्म्यापेक्षा थोडी कमी भरलेली. बीडपर्यंत उतारच आहे, पुरणार होती. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा डोक्यात आलं नाही. डोक्यात नऊची मशीन होती.

गावाबाहेर ओढ्यावर लहान पूल आहे. त्या सकाळी धुकं इतकं होतं की पूल संपतो कुठे ते दिसत नव्हतं. मी गाडी चालत्या माणसाच्या वेगानं नेत होते. पुलाच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. मग एक उभी पिकअप दिसली, आणि तिच्यापुढे रस्त्याच्या मधोमध बायका. गावात शिरण्याआधी बायका थांबतात, डोक्यावरून पदर ओढतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि तिथूनच सुरुवात करतात. तशा त्या घोळका करून, खाली वाकून रडत होत्या. कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बबन बसला होता, तोंडात टॉवेलाचा बोळा.

मी ब्रेक दाबला. कुणालाच कळलं नाही.

माझा हात हॉर्नवर गेला, त्यावर बाईनं हात ठेवला. हळू म्हणाली, "वाजवू नको. रडू दे. अर्धं रडलं तर उतरत न्हाई, गया म्हनली."

आम्ही तशाच बसलो. गाडी चालू होती, पण ते फक्त समोरचे आकडे सांगत होते. बायका आमच्या बॉनेटपासून चार पावलांवर होत्या. बबनची बायको हेल काढून सांगत होती की आमच्या अक्कानं कुणाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. बाई माझ्या कानाशी पुटपुटली, "हिला मी दर वरसाला शिव्या दिल्यात. आन् हिनं मला एक लुगडं न्हाई नेसवलं, बघ आता कसा गळा काढती." मला हसू यायला हवं होतं. काचेवर धुक्याचं पाणी साठत होतं आणि मी वायपर लावत नव्हते, कारण वायपरचा आवाज झाला असता.

मग बबन बोलायला लागला. कुणाशी नाही, ओढ्याकडे तोंड करून. दरवर्षी पंचमीला तुला न्यायचं म्हणत होतो गं अक्का. आधी दारात गाडी न्हवती, गाडी आली तर येळ न्हवता. पुढच्या पंचमीला, पुढच्या पंचमीला. आईनं मरताना हातात हात दिलता तुझा. तो थांबत थांबत बोलत होता आणि बाई त्याच्या पाठीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, रागही नव्हता. बाजारात आपल्या मालाचा भाव पुकारला जात असताना शेतकरी जसा ऐकतो, तशी ती ऐकत होती. तिचा उजवा हात डाव्या मनगटावर होता.

तो पुरता थांबला तेव्हा तिनं काच खाली केली.

"बबन, बाजूला हो रं," ती म्हणाली. "माझी नऊची मशीन हाय."

कुणी किंचाळलं नाही. रडणं मधेच तुटलं, एवढंच. एक पोक्त बाई होती ती मागे सरता सरता चिखलात बसली. बबन उठला. तो आधी तिच्याकडे आलाच नाही. गाडीपुढे आला, ही कुठून आली ते बघितल्यासारखं मागे धुक्यात बघितलं आणि बॉनेटवर तळहात ठेवला. विजेच्या गाडीचं बॉनेट गार असतं. त्यानं हात चटका बसल्यासारखा उचलला.

शेवटी बाईनंच काचेतून डावा हात बाहेर काढला आणि त्याचा पंजा धरून आपल्या मनगटावर ठेवला. "हिथं बघ. चालू हाय." त्याच्या बोटांखाली ती घरघर लागली असणार. तो तसाच उभा राहिला, हात न काढता. मग त्यानं मान वर करून विचारलं, "मग ते कावून सांगितलं?" ती म्हणाली, "कावळा शिवलाय. लई ब्येस रडलास. आता घरी जाऊन चहा घ्या. मी तीन वाजता येते."

ते बाजूला झाले. गाडी त्यांच्या मधून गेली. मी आरशात बघितलं. सगळे रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे, आणि कुणी हात केला नाही. पवनचक्क्या मागे पडल्यावर बाई म्हणाली, "धाकटे, आपुन इतक्या जवळ होतो. मला कुनीच कसं बघितलं न्हाई?" मी म्हटलं, धुकं होतं. ती म्हणाली, "धुकंच असंल." आणि मशीनवर त्या दिवशी तिचं बीपी एकदाही पडलं नाही, हे मात्र खरं.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. आठवड्याला तीन खेपा, एकही चुकली नाही. तिच्या पायाची सूज उतरली, ती पुन्हा डाळीतले खडे निवडायला गिरणीत येऊन बसायला लागली आणि दळणाच्या बायकांना टोमणे मारायला लागली. पंचमीला बबन खरंच आला, तिला चकलांब्याला नेऊन दोन दिवसांनी मशीनच्या आधी आणून सोडलं. गयाबाई म्हणायची, कावळा उतरवला म्हणून. मी म्हणायची, तिसऱ्या खेपेमुळे. मी हिशेब दाखवू शकत होते, गयाबाई नाही. बाई दोघींनाही हो म्हणायची.

अधूनमधून एक विचार मला यायचा आणि मी तो गिरणीच्या आवाजात घालवायची. त्या पुलावर तिच्यासाठी माणसं पुरती रडली होती. मनापासून, काही शिल्लक न ठेवता. आणि ती त्यांच्यामधून गेली होती.

गेल्या वर्षी पंधरवडा लागला. तिथीला अजून अवकाश होता. मशीनचा दिवस नव्हता. सकाळी तिनं चहा मागितला, मी गाळून आणेपर्यंत ती भिंतीला टेकून तशीच बसलेली. मी मनगटावर बोट ठेवलं. मग कान ठेवला. गिरणी अजून सुरू केलेली नव्हती, घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता, तरी मी ह्यांना म्हटलं, जरा गप्प बसा.

डॉक्टर येऊन गेल्यावर मी बबनला फोन केला. मी सांगितलं तेवढं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हां ताई. पंधरवडा लागलाच म्हणा. ह्या साली पन शिवला का?" मी म्हटलं, बबनभाऊ, कावळा नाही, बाई खरंच गेली. तो म्हणाला, "असंच सांगाया लागतंय. खोटं हाय म्हनलं तर उपेग न्हाई. तुमी काळजी करू नका, मागच्यावानी रडतो. घरात समद्यांना सांगतो." आणि ठेवला. ह्यांनी लावला, तर तो म्हणाला, दाजी, तुम्हीसुद्धा बरं जमवता. त्यानंतर फोन कुणी उचलला नाही.

माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय आमच्याकडे बाईला उचलत नाहीत. त्यांना आणावंच लागणार होतं आणि फोनवर ते येणार नव्हते. मी गाडी काढली. आदल्या रात्री लाइट नव्हती. तीस-पस्तीस टक्के. बीडच्या पुढे गेवराईच्या अंगाला जायचं आणि परत यायचं, एवढ्यात होणारं ते काम नव्हतं. म्हणून बीडला त्याच हॉटेलाबाहेर, त्याच चार्जरला गाडी लावावी लागली. हॉटेलच्या गल्ल्यावरचा माणूस ओळखीचा झाला होता. त्यानं नेहमीसारखं विचारलं, पेशंटला मशीनवर बसवलं का? मी हो म्हटलं.

लोक मला अजून विचारतात, पेट्रोल बरी की विजेची? मी आकडे सांगते, ते सगळे विजेच्या बाजूचे आहेत. पण पेट्रोल पाच मिनिटांत भरून होतं. त्या दिवशी ती घरात भिंतीशी निजवलेली आणि मी पाऊण तास त्या चार्जरजवळ उभी, आकडा चढताना बघत. पेट्रोलच्या बाजूचं हे एवढं मी कधी सांगत नाही, पण ते आहे.

चकलांब्याला पोचले तेव्हा ऊन आलं होतं. बबनच्या दारात गाडी थेट अंगणात जाते. कुत्रं उन्हात पडलेलं होतं, ते उठलं नाही. अंगणात बायका पदर घेऊन बसलेल्या, एकमेकींच्या गळ्यात, आणि नेमानं रडत होत्या. मधेच एकीला हसू फुटायचं, दुसरी तिला कोपरानं ढोसायची, की पुन्हा सूर लागायचा. बबन उंबऱ्यावर टॉवेल घेऊन बसला होता. डोळे खरंच लाल झाले होते.

मी गाडी बंद केली. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं, माझ्याकडे बघितलं की त्याला कळेल. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला, बाई बसायची त्या दाराशी गेला.

"झालं गं आमचं रडून," तो म्हणाला, "उतर आता," आणि त्यानं दार उघडलं.